रिकाम्या दुकानांची मावशी

"सही कर."

"नाही करणार."

"शनिवारी पाच वाजता मंडळाचं ऑफिस बंद होतं, मावशी. मग हे दुकान दुसऱ्याला जाईल."

"जाऊ दे. तो रडेल."

"तुझं काय जातंय गं एका सहीत?"

"माझं काही जात नाही. तुझं जाईल. नोकरी जाईल, झोप जाईल, आणि मग माझ्या उशाशी येऊन बसशील, मावशी, आता काय करू म्हणून."

हे भांडण चाललं होतं चौदा नंबरच्या दुकानात, आणि त्यातलं अर्धं काचेच्या आत. मावशी शोकेसमध्ये गुडघ्यांवर बसली होती. पायात नुसते मोजे, कारण शोकेसमध्ये बूट घालून चढायचं नाही हा तिचा चाळीस वर्षांचा नेम. ओठांत पाच-सहा टाचण्या. समोर टोपी घातलेला पुतळा. त्याच्या पाठीवरच्या कोटाची चुणी चिमटीत धरून ती एकेक टाचणी मारत होती. तोंडात टाचण्या असल्या की ओठ न हलवता बोलावं लागतं, आणि तसं बोललेलं कुठलंही वाक्य धमकीसारखं ऐकू येतं. मावशीला हे पक्कं ठाऊक होतं. भांडायचं ठरलं की ती आधी टाचण्या तोंडात घ्यायची.

मागे, रिकाम्या दुकानाच्या फरशीवर, तिची भाची उभी होती. नाव काही का असेना, मावशी तिला चिंगी म्हणायची आणि सत्तावीस वर्षांची झाली तरी म्हणतच होती. चिंगी गावाबाहेरच्या एका युनिफॉर्मच्या कारखान्यात कापड कापायची. नऊ वर्षं तोच खाकी, तोच निळा. आता तिला या रस्त्यावर स्वतःचं दुकान टाकायचं होतं: कपड्यांची दुरुस्ती, मापात बसवून देणं, पडदे. दुकान ठरलं होतं, भाडं ठरलं होतं. अडलं होतं एका कागदावर.

व्यापारी मंडळाची अट तशी साधी होती. आधी दोन-तीन भाडेकरू स्वस्तातलं दुकान घेऊन चार महिन्यांत पळून गेले, म्हणून मंडळाने नियम केला, की नव्या माणसाने या रस्त्यावर वीस वर्षं काम केलेल्या एकाची सही आणायची. कागदावर वर छापलेलं होतं: "मी या व्यक्तीला ओळखते/ओळखतो. हे दुकान या रस्त्यावर चालेल, असा माझा विश्वास आहे."

वीस वर्षं काम केलेली माणसं उरली होती तीन. मंडळाचे चिटणीस, ते स्वतः मंडळच, त्यांची सही चालत नव्हती. बूटदुरुस्तीवाला, त्याने चिंगीला सरळ सांगितलं होतं, "तुझ्या घरचं माणूस सही करत नाही आणि मी करू? घरच्यांना काहीतरी माहीत असणारच की." आणि तिसरी मावशी.

"पहिलं काम पण आलंय माझ्याकडे," चिंगी म्हणाली. "अजून दुकान उघडलं नाही तर काम आलंय! अकरा खिडक्यांचे पडदे."

"कुणाचे?"

"आहेत एक आजोबा. चिटणीसांनी ओळख करून दिली. सोळा नंबरच्या वर राहायला येतायत."

मावशीने टाचण्या तळहातावर थुंकल्या. म्हणजे आता ती खरंच बोलणार होती.

"सोळाच्या वर? अगं, तिथून कबुतरंसुद्धा जागा सोडून गेली. अकरा खिडक्यांचा माणूस तिथे कशाला येईल? बघितलेस तू आजोबा?"

"फोनवर बोलले."

"फोनवर! आणि कुणी ओळख करून दिली? चिटणिसाने. चिंगे, कुठेतरी पाणी मुरतंय."

"तुला सगळीकडेच मुरताना दिसतं. तुझ्या डोक्यात गळती आहे!"

*

आता मावशी अशी का झाली, हे सांगायला हवं. नाहीतर वाटेल की म्हातारी नुसतीच खाष्ट आहे.

एकोणिसाव्या वर्षी ती या रस्त्यावरच्या चार मजली दुकानात बटणं विकायला लागली. तळमजला, डावीकडचं टेबल, बटणं आणि लेस. त्या दुकानाला रस्त्याकडे नऊ शोकेस होत्या आणि त्या लावायला एक म्हातारा सजावटकार होता. कडक इस्त्रीचा, बोलायला तिखट. एकदा त्याने तिला बटणांचा डबा मांडताना पाहिलं. मोठी मागे, छोटी पुढे, आणि एकच लाल बटण मुद्दाम वाकडं. त्याने विचारलं, "हे वाकडं का?" ती म्हणाली, "सगळी सरळ असली की कुणी बघत नाही." दुसऱ्या दिवशी तो तिला काचेच्या आत घेऊन गेला.

त्याने तिला शिकवलेली पहिली गोष्ट ही: पुतळा बारीक असतो, कपडा माणसाच्या मापाचा असतो. तो कपडा पुतळ्याला समोरून कातडीसारखा बसवायचा तर मागून त्याच्या चाळीस चुण्या घालून चाळीस टाचण्या माराव्या लागतात. "गिऱ्हाईक समोरून बघतं," म्हातारा म्हणायचा, "आणि आपण मागून."

मावशीने हे एवढं मनावर घेतलं की तिला मग कुठलीच गोष्ट समोरून बघवेना. बसमध्ये ती शेवटच्या सीटवर बसायची. ऐन तिशीत त्याच दुकानाच्या लिफ्टवाल्याने तिला मागणी घातली. माणूस देखणा, आवाज गोड, आणि "तिसरा मजला, बायकांचे कोट" हेसुद्धा असं म्हणायचा की ऐकणारीने लाजावं. मावशीने होकार देण्याआधी त्याला एकदा मागून बघितलं. शर्टाची कॉलर झिजली म्हणून उलटवून शिवलेली होती.

"मग काय झालं?" चिंगी लहानपणी दर वेळी विचारायची.

"नाही म्हणाले."

"गरीब होता म्हणून?"

"गरीब असण्याचं काही नाही. पण इतकं बेमालूम शिवलं होतं, की वाटलं, हा आणखी काय काय उलटवून शिवत असेल!"

एका कॉलरवर लग्न मोडलं. लिफ्टवाल्याने पुढे तिसऱ्या मजल्यावरच्या कोटवालीशी संसार केला आणि तो चांगला चालला, असं ऐकिवात आहे. मावशी त्यावर एवढंच म्हणते, "समोरून."

तिने चाळिशी ओलांडली आणि बहीण गेली आणि आठ वर्षांची चिंगी घरी आली. शाळा सुटली की ती थेट दुकानात यायची, कापडाच्या तागांमागे बसून गृहपाठ करायची, "मावशी, मावशी" करत नऊच्या नऊ शोकेस पालथ्या घालायची. तिचं ऐकून विक्रेते मावशी म्हणायला लागले, मग शेजारची दुकानं, मग गिऱ्हाइकं. अख्ख्या रस्त्याची मावशी झाली ती या पोरीमुळे.

आणि मग रस्ता गेला. एका दिवसात नाही गेला. रस्ते तसे जात नाहीत. गावाबाहेरून मोठा रस्ता निघाला, त्याच्या कडेला मॉल आला, तिथे गाड्या लावायला मैदानाएवढी जागा. आधी थिएटर बंद पडलं. मग थिएटर सुटल्यावर ज्यांच्याकडे गर्दी व्हायची ती दोन हॉटेलं. मग चपलांचं, पुस्तकांचं, खेळण्यांचं दुकान. जाणारा प्रत्येक जण काचेवर कागद लावून जायचा, "लवकरच परत येत आहोत." त्यातले निम्मे कागद मावशीच्याच अक्षरातले, कारण अक्षर तिचं चांगलं. एकही परत आला नाही. शेवटी चार मजली दुकानाने सेल लावला, आणि शेवटच्या संध्याकाळी एका बाईने शोकेसमधल्या पुतळ्याच्या अंगावरचा कोट मागितला. मालकाने तो टाचण्यांसकट विकला. मावशी ओरडत होती, "अहो, मागे टाचण्या आहेत!" कुणी ऐकलं नाही.

सहा वर्षं रस्त्यावर वारा आणि कागद. मावशी घरी बसून लोकांचे कपडे सारखे करायची. आणि एक दिवस चिटणीस दारात उभे. त्यांचं औषधांचं दुकान कसंबसं टिकलं होतं.

"मावशी, बँकेची माणसं येतायत रस्ता बघायला. रिकामी दुकानं बघून कोण हात घालेल? तेवढ्या काचा भरून द्या."

"कशाने?"

"ते तुम्ही बघा. बाहेरून दुकान वाटलं पाहिजे."

मावशीने एकतीस काचा भरल्या. हे तिच्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर काम होतं, यात वाद नाही. बेकरी केली: प्लास्टरचे पाव, वरून कॉफीच्या पाण्याचा हात आणि पिठी म्हणून टाल्कम पावडर. पुस्तकांचं दुकान केलं, नुसत्या पाठी चिकटवून, मागे पुस्तक नाही. खेळण्यांचं केलं. चौदा नंबरात टोप्यांचं. संध्याकाळी दिवे लागले की बाहेरून वाटायचं, आत आत्ता कुणीतरी घंटी वाजवेल. लोक दारं ढकलून बघायचे. एका बाईने नगरपालिकेत तक्रार केली, की ही बेकरी कधी गेलं तरी बंदच असते, मालकाला समज द्यावी!

तोवर ठीक होतं. पण बँकवाले यायच्या आदल्या दिवशी चिटणीस पुन्हा आले. घसा खाकरला.

"मावशी... माणसंही लावता येतील का?"

मावशीने बारा जण लावले. शेजारपाजारचे, ओळखीचे. प्रत्येकाच्या हातात मोठी पिशवी, आणि पिशवीत चुरगळलेले कागद, तिने स्वतःच्या हाताने भरलेले. बारा जण दोन तास रस्त्यावर इकडून तिकडे हिंडले. मावशी लांबून बघत होती, आणि तिला त्यातली खोट पहिल्या मिनिटाला दिसली: भरलेली पिशवी खांदा खाली ओढते, कागदाची पिशवी हाताबरोबर झुलते. बँकवाल्यांना दिसली नाही. त्यांनी मान डोलावली, पैसा आला, रस्ता नवा झाला, दिवे आले, बाक आले, आणि दीड-दोन वर्षांत मावशीच्या खोट्या काचांच्या मागे एकेक खरं दुकान उघडायला लागलं. पिशव्यांची गोष्ट चिटणीस आणि मावशी दोघंही मूग गिळून बसले. ते बारा जणही बोलले नाहीत. त्यांना फुकट जेवण मिळालं होतं.

खरा बेकरीवाला आला तेव्हा त्याने हसत सांगितलं, "मावशी, तुमचे पाव काढा आता." तिने काढले. आणि त्याच्या ताज्या पावात हळूच अंगठा दाबून पाहिला.

*

एकतीसच्या आता नऊ काचा उरल्या होत्या. चौदा नंबरातल्या त्या भांडणात हा विषय चिंगीनेच काढला.

"तुझ्या मनातलं सांगू?" ती म्हणाली. "माझी गेली की आठ राहतील. उद्या सहा. परवा शून्य. रस्ता मेलेला होता तेव्हा तू राणी होतीस इथली."

मावशीने पुतळ्याची टोपी उगाच सरळ केली. "हे बोलायला तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. तूच शिकवलंस, मागून बघायला."

"मग नीट बघ! रोज अकरा वाजता एक म्हातारा येतो या रस्त्यावर. करड्या कोटातला. हातात ही एवढी पिशवी. बेकरीत जातो, औषधांच्या दुकानात जातो, सायकलवाल्याकडे, वह्यांच्या दुकानात. आठवडाभर बघतेय. पिशवी दर दुकानाबाहेर फुगत जाते, आणि खांदा जिथल्या तिथे! पिशवी झुलते, चिंगे. झुलते!"

"झुलू दे. हलकं काहीतरी घेत असेल."

"सायकलवाल्याकडून?"

चिंगीने कागद फळीवर ठेवला, वर पेन ठेवलं आणि कारखान्याची बस गाठायला निघून गेली.

गुरुवारी मावशी म्हाताऱ्याच्या मागे लागली. दहा पावलं अंतर ठेवून, काचांत त्याचं प्रतिबिंब बघत. काचा तिच्याच, कुठे उभं राहिलं की काय दिसतं हे तिच्याइतकं कुणाला कळणार! सायकलवाल्याकडे म्हातारा पाच मिनिटं होता, आणि बाहेर आला तो हसत. वह्यांच्या दुकानाशी चिटणीस भेटले. चिटणिसांनी त्याच्या पाठीवर थोपटलं, इकडेतिकडे पाहिलं, खिशातून काहीतरी काढलं आणि त्याच्या हातात दिलं. काय होतं ते दिसलं नाही. पण मूठ मिटलेली दिसली.

झालं. मावशीला आणखी काय हवं होतं! मंडळाने पुन्हा माणसं लावायला सुरुवात केली होती, आणि या वेळी तिला न विचारता. तिचा जीव कशाने जास्त चडफडला, फसवणुकीने की न विचारण्याने, हे ती स्वतःही सांगू शकली नसती. पण एक खरं: त्या रात्री तिला भीती वाटली ती चिंगीची. लावलेल्या गर्दीच्या भरवशावर पोरगी नोकरी सोडणार. गर्दी एक दिवस जेवून घरी जाणार. आणि दुकानाच्या काचेवर कागद कोण लिहिणार, तर मावशीच. अक्षर तिचं चांगलं ना.

*

शुक्रवारी अकरा वाजता बेकरीत सात-आठ गिऱ्हाइकं होती. बेकरीवाला, त्याची बायको, वह्यांच्या दुकानातली मुलगी, आणि रांगेत तिसरे चिटणीस. म्हातारा काउंटरशी उभा. मावशी आत आली ती थेट त्याच्या मागे.

"किती देतात हो रोजचे?"

म्हाताऱ्याने वळून पाहिलं. "मला विचारताय?"

"तुम्हालाच. आठवडाभर बघतेय. चार दुकानं, एक पिशवी. विकत तर काही घेत नाही तुम्ही."

"पाव घेतो," म्हातारा म्हणाला.

"एक पाव! आणि बाकी पिशवीत काय आहे?"

"मावशी," चिटणीस म्हणाले, "मावशी, जरा बाहेर या, बोलू आपण."

"बाहेर कशाला? तुम्हीच तर काल त्यांच्या मुठीत काहीतरी कोंबलंत. मी सांगते आत काय आहे. कागद आहेत! चुरगळलेले कागद!" आणि कुणाला काही कळायच्या आत तिने पिशवीचा एक बंद धरून ओढला. पिशवी आडवी झाली. बेकरीच्या स्वच्छ फरशीवर कागदांचा ढीग पडला: पावाचे कागद, औषधांच्या खोक्यांतले, सायकलच्या सुट्या भागांवरचे तपकिरी, वह्यांच्या गठ्ठ्यांवरचे. सगळे कागद.

मावशीने सगळ्यांकडे वळून पाहिलं. नाटकात अशा वेळी पडदा पडतो. इथे पडला नाही.

म्हातारा सावकाश खाली वाकला. गुडघे वाजले. एक कागद उचलून त्याने मांडीवर सरळ केला.

"घर हलवतोय मी," तो म्हणाला. "सोळा नंबरच्या वर. चिनी मातीची भांडी आहेत बायकोची, दोन कपाटं भरून. ती गेली, भांडी राहिली. ती असती तर तिने कपड्यांत गुंडाळून नेली असती, पण मला तेवढं जमत नाही. दर भांड्याला चार कागद लागतात. हे लोक देतात ठेवून माझ्यासाठी. काल चिटणीस साहेबांनी किल्ली दिली." त्याने खिशातून किल्ली काढून दाखवली. तीसुद्धा सगळ्यांना दिसेल अशी, जणू झडतीच चालली होती.

वह्यांच्या दुकानातली मुलगी खाली बसून कागद गोळा करायला लागली.

"एक विचारू?" म्हातारा म्हणाला. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "पिशवीत कागद आहेत हे तुम्ही उघडायच्या आधी सांगितलंत. कसं कळलं?"

मावशीने चिटणिसांकडे पाहिलं. चिटणीस पावांकडे पाहत होते.

ती खोटं बोलू शकली असती. चाळीस वर्षं खोटंच मांडलं होतं, पण ते हातांनी. तोंडाने तिला जमेना.

"मी भरल्यात अशा," ती म्हणाली. "बारा. बँकेची माणसं आली होती तेव्हा. माणसंही मीच लावली होती."

"चोराच्या मनात चांदणं," बेकरीवाल्याची बायको हळूच म्हणाली. हळूच, पण बेकरी छोटी होती.

बेकरीवाल्याने काउंटरवर दोन्ही हात टेकले. "चिटणीस साहेब, रस्त्याला पैसा देतो असं बँकेचं पत्र बघून मी इथे दुकान घेतलं. ते पत्र... त्या बारा माणसांवर आलं होतं?"

चिटणिसांनी रांग सोडली. "मंडळाच्या बैठकीत बोलू," एवढं म्हणून ते निघाले, आणि पाव विसरले.

*

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शुक्रवारच्या संध्याकाळपर्यंत अख्खा रस्ता मावशी झाला. सायकलवाला येणाऱ्या प्रत्येकाला विचारायला लागला, "तुम्ही राहता कुठे?" वह्यांच्या दुकानातल्या मुलीने एका बाईला नेहमीच्या तीन वह्या देण्याआधी तिच्या पिशवीत डोकावून पाहिलं, आणि बाई तिथल्या तिथे वह्या ठेवून गेली. बेकरीवाल्याने त्या दिवशीचं प्रत्येक गिऱ्हाईक आठवून पाहिलं, कोण कोण खरं. बूटवाला आपल्या खुर्चीत बसून सगळ्यांना सांगत होता, "मला आधीच शंका होती," आणि त्याला काहीच शंका नव्हती.

शनिवारी तीन वाजता मावशी चौदा नंबरात टोप्यांची शोकेस उतरवत होती. कुणी सांगितलं नव्हतं. एकेक टोपी काढून ती खोक्यात ठेवत होती. चिंगी आली ती मागच्या दाराने. फळीवरचा बिनसहीचा कागद तिने उचलला.

"बूटवाल्याकडे जातेस?" मावशीने विचारलं.

"गेले होते. तो म्हणतो, तुझ्या मावशीनेच तुला पण लावलं नाही कशावरून?"

मावशीचा टोपीवाला हात थांबला.

"सकाळी बेकरीत पाव घ्यायला गेले," चिंगी म्हणाली. "बेकरीवाला चांगला माणूस आहे. अगदी हळू विचारलं त्याने. दुकान खरंच टाकताय का हो, की बँकेचं कुणी येणार आहे? मी खरी आहे का, असं विचारलं मला, मावशी. पाव देताना."

"आणि... ते आजोबा?"

"ते राहायला येणारच आहेत. सामान हललंय निम्मं. फोन केला होता मी, माफी मागायला. म्हणाले, राग नाही माझा. पण पडदे नकोत. का, तर खिडकीवर रोज संध्याकाळी पडदा ओढताना बेकरीतली झडती आठवेल. ते म्हणाले हे, चिडून नाही, नीट समजावून सांगितल्यासारखं. चिडले असते तर मी भांडले असते."

मावशी शोकेसमधून खाली उतरली. मोज्यांनिशी फरशीवर आली, तिने बुटांकडे पाहिलंच नाही.

"आण तो कागद."

"कशाला?"

"आण म्हणते ना."

"आठवडाभर मी हातापाया पडत होते तेव्हा नाही केलीस. आता कशाला? दया आली?"

"चिंगे, घड्याळ बघ. साडेतीन झाले. पाचला बंद होतं ऑफिस. भांडण नंतर कर."

चिंगीने कागद दिला. मावशीने तो फळीवर ठेवला, डाव्या हाताने सपाट केला आणि सही केली. चांगलं अक्षर, एकही बाक नाही. खाली तारीख. "या रस्त्यावर किती वर्षं" असं विचारलं होतं तिथे "बेचाळीस" लिहिलं, आकड्यात नाही, अक्षरात. पेनाला टोपण लावलं आणि कागद भाचीकडे सरकवला.

"जा. धावत जा."

चिंगी जागची हलली नाही. बाहेर शनिवारची गर्दी होती. पोरं, बायका, एक जोडपं सायकल हातात धरून चाललेलं. दोघी काचेतून बघत होत्या. शोकेस निम्मी रिकामी झाल्यामुळे आता इथून सगळं स्वच्छ दिसत होतं. मावशीची नजर कुठे आहे हे चिंगीला न बघताही कळत होतं. चेहऱ्यांवर नव्हती. हातांवर होती, पिशव्यांवर, खांद्यांवर.

"तू वाचलंस का वर काय छापलंय ते?" चिंगीने विचारलं.

"वाचलंय. आठवडाभर वाचतेय."

"मोठ्याने वाच ना."

"वेडी आहेस का? वेळ चाललाय."

"वाच, मावशी."

मावशीने कागद न उचलताच म्हटलं, "मी या व्यक्तीला ओळखते. हे दुकान या रस्त्यावर चालेल, असा माझा विश्वास आहे."

"पहिलं वाक्य खरं आहे, मला माहीत आहे," चिंगी म्हणाली. तिचा आवाज एवढा वेळ धरून ठेवलेला, आता सुटला. "दुसरं? मी सोमवारी राजीनामा देणार आहे. कुणीही मला विचारू दे, तू खरी आहेस का, मी सोसेन. बूटवाल्याचं सोसेन, बेकरीवाल्याचं सोसेन. फक्त तू सांग. हा रस्ता खरा वाटतो का तुला? माझं दुकान चालेल असं वाटतं? हो म्हण नाहीतर नाही म्हण, मी काही एक वाईट वाटून घेणार नाही. पण सही करून गप्प बसू नकोस."

मावशीने तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. काचेबाहेर एक बाई थांबून, डोळ्यांवर हाताची सावली धरून आत बघत होती, दुकान उघडं आहे का ते. तिची पिशवी जड होती की हलकी, मावशीने पाहून घेतलं. मग बूट पायात सरकवले, बंद न बांधताच टोप्यांचं खोकं काखेत मारलं, भाचीच्या बाजूने जाताना तिच्या दंडाला जेमतेम हात लावला, आणि दार ढकलून बाहेर पडली.